सशांच्या बंदोबस्तासाठी रायफल, बॅरल आणि सप्रेसर: या चुका टाळा

न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागो भागात ससा हा शेतकऱ्याचा मोठा वैरी आहे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेला हा प्राणी कोरड्या उतारांवरचं गवत साफ करून टाकतो. तिथल्या शेतांवर सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) लावलेली रायफल सर्रास दिसते. (भारतात हे चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि सप्रेसरही शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतो.)

तिथे परवाना काढून पहिली रायफल घेणारे बरेच जण आधी आवडलेली रायफल घेतात, मग दुकानात असेल तो सप्रेसर आणि शेवटी मिळेल ते काडतूस. हा क्रम उलटा आहे. किती अंतरावर आणि कसल्या जमिनीवर गोळी चालवायची ते आधी ठरवा. त्यावरून काडतूस ठरतं, काडतुसावरून बॅरल (रायफलची नळी), आणि सप्रेसर सगळ्यात शेवटी.

एकच काडतूस सगळीकडे

.२२ एलआर या छोट्या काडतुसाचा सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा मंद, प्रकार स्वस्त आणि शांत असतो, पण त्याची मजल कमी. ५० मीटरला झिरो केलं, म्हणजे नेम जुळवला, तर ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १०० मीटरला साधारण २० ते २५ सेंटिमीटर खाली जाते. सशाचं डोकं जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं. अंतर दहा मीटरने चुकलं तरी ससा जखमी होऊन बिळात शिरतो आणि तिथे तडफडून मरतो. म्हणून ७० मीटरच्या पुढे सबसॉनिक वापरू नका.

दुसरा धोका जमिनीचा. ओटागोच्या खडकाळ उतारावर मऊ शिशाची मंद गोळी दगडाला लागून उसळते आणि कुठल्या कुठे जाते. सशामागे मातीचा चढ नसेल तर चाप ओढायचा नाही. .१७ एचएमआर या बारीक, वेगवान काडतुसाची १७ ग्रेनची गोळी सुमारे २५५० फूट प्रति सेकंदाने निघते आणि आदळताच फुटते, त्यामुळे उसळण्याचा धोका बराच कमी होतो, पण संपत नाही. मात्र वारा तिला ढकलतो. ताशी १६ किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात १०० मीटरला ती नऊ-दहा सेंटिमीटर सरकते. त्यापुढच्या अंतराला जास्त ताकदीचं .२२३ घ्या.

पीळ न बघता गोळी घेणं

बॅरलच्या आतल्या खाचा किती इंचांत एक पूर्ण वेढा घेतात, तो तिचा पीळ; गोळी फिरत सरळ जाते ती त्यामुळेच. .२२ एलआरला १:१६ (सोळा इंचांत एक वेढा) आणि .१७ एचएमआरला १:९ हे ठरलेलंच असतं, तिथे डोकं लावायची गरज नाही. घोटाळा .२२३ मध्ये होतो. जुन्या बॅरलमध्ये १:१२ सापडतो, नव्यांत बहुधा १:९ किंवा १:८. ४० ते ५५ ग्रेनच्या शिशाच्या गाभ्याच्या गोळीला १:१२ पुरतो. तेवढ्याच वजनाची नुसत्या तांब्याची गोळी मात्र लांब असते, आणि पीळ ठरतो तो लांबीवरून. म्हणून तांब्याच्या गोळ्या वापरणार असाल तर १:९ किंवा १:८ बॅरल घ्या.

उलट बाजूनेही, म्हणजे पीळ जास्त घेऊनही, चूक होते. वेगाला (फूट प्रति सेकंद) ७२० ने गुणा आणि पिळाच्या इंचांनी भागा, म्हणजे गोळीचे मिनिटाचे फेरे मिळतात. ३६०० फुटांचा वेग आणि १:८ पीळ असेल तर ३,२४,००० फेरे होतात, १:१२ मध्ये २,१६,०००. अतिपातळ कवचाच्या काही हलक्या गोळ्या पहिल्या आकड्याला हवेतच फुटतात. कागदावर लांबुळकं भोक पडलं तर पीळ कमी पडतोय. भोकच पडत नसेल आणि हवेत राखाडी रेघ दिसत असेल तर गोळी फुटतेय.

लांबलचक, जड बॅरल

.२२ एलआरची दारू साधारण १६ इंचांत जळून जाते. त्यापुढची लांबी वेग वाढवत नाही, ओझं वाढवते. .२२३ ला २० इंच पुरेत. २६ इंचांच्या जाड बॅरलला पुढे वीतभर सप्रेसर जोडला की तोंडाकडचा भार इतका वाढतो की गाडीच्या खिडकीतून रायफल वळवणंही अवघड जातं. एका जागी बसून, बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून मारणार असाल तरच जाड बॅरल घ्या.

सप्रेसर

सगळ्यात महागात पडतात त्या आट्यांच्या चुका. .२२ च्या बॅरलवर १/२-२८ (अर्धा इंच व्यास, इंचात २८ आटे) आणि १/२-२० असे दोन्ही आटे येतात. व्यास एकच, म्हणून एक-दोन फेरे बसतात, मग अडकतं आणि जोर लावला की आटे कापले जातात. युरोपीय सेंटरफायर (.२२३ सारख्या जास्त दाबाच्या काडतुसाच्या) रायफलींवर १४×१ मिलिमीटरही असतो. बॅरलवर लिहिलं नसेल तर आट्यांचा गेज लावा.

सप्रेसर बॅरलच्या खांद्यावर, म्हणजे आट्यांमागच्या कडेवर, टेकला पाहिजे, तोंडावर नाही. तोंडावर टेकला तर तो वाकडा बसू शकतो आणि गोळी आतल्या बॅफलला (भोक असलेल्या पडद्याला) घासते. बसवल्यावर रायफल रिकामी करून, बोल्ट काढून, त्या कॅलिबरची सरळ अलाइनमेंट सळई आत घाला. ती पुढच्या भोकाच्या मधोमध दिसली पाहिजे. कडेला गेली तर एकही गोळी न उडवता गनस्मिथकडे जा.

बॅरलवर मागे चढून बसणारा सप्रेसर लांबी वाचवतो, पण घेण्याआधी तो जिथवर मागे येतो तिथला बॅरलचा व्यास व्हर्नियरने मोजा; बॅरल जाड असेल तर तो बसत नाही.

रिमफायरचा (.२२ एलआर, .१७ एचएमआर अशा कमी दाबाच्या काडतुसांचा) सप्रेसर .२२३ वर कधीच लावू नका, तो दाब त्याला सोसत नाही. .२२ चा .१७ वर बनवणाऱ्याने मंजूर केला असेल तरच चालतो, .१७ चा .२२ वर नाही. सीझेड ४५७ सारख्या रायफलीत बॅरल बदलता येते, तिथे ही गफलत सहज होते. .२२ एलआर शिशाचा थर सोडते, म्हणून तिच्यासाठी उघडून साफ करता येणारा सप्रेसरच घ्या.

आवाज किंवा नेम बिघडला तर

सबसॉनिक असूनही कडाड आवाज येतो का? शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला १०८७ फुटांपर्यंत उतरतो, त्यामुळे १०८० ची गोळी हिवाळी रात्री अगदी काठावर असते. १०५० च्या आसपासची घ्या. फक्त पहिला बार मोठा येत असेल तर तो सप्रेसरमधल्या हवेचा परिणाम आहे, बिघाड नाही. .२२३ सप्रेसरसहही कानाला घातक ठरू शकते, कानरक्षक लावाच.

गोळ्या विखरू लागल्या तर रायफल रिकामी करून आधी सप्रेसर सैल झालाय का बघा. मग स्कोपचे (रायफलीवरच्या दुर्बिणीचे) स्क्रू, मग बॅफलवर घासल्याच्या खुणा. झिरो नेहमी सप्रेसर लावूनच करा, काढल्यावर नेम सरकतो. बरेच बार झाल्यावर दुर्बिणीत चित्र थरथरत असेल तर ती सप्रेसरची धग आहे. निवू द्या.

काम संपलं की सप्रेसर काढून वाळवा. तो तसाच लावून रायफल कपाटात ठेवली तर आतली ओल बॅरलच्या तोंडाला गंज आणते.