कुबरनेटीसवर तीन प्रतींचा पोस्टग्रेस डेटाबेस कसा उभा करावा

कुबरनेटीसवर (अनेक मशीनवर अ‍ॅप चालवणाऱ्या प्रणालीवर) डेटाबेस ठेवावा की नाही, यावर अजूनही टीमटीममध्ये वाद होतात. माझं मत विचाराल तर खुशाल ठेवा, पण खऱ्या ग्राहकांचा डेटा त्यात टाकण्याआधी दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एक म्हणजे मुख्य प्रत मुद्दाम पाडून काय होतं ते, आणि दुसरी म्हणजे बॅकअपमधून सगळं परत उभं राहतं का ते. खालच्या पायऱ्या तुम्हाला तिथपर्यंत नेतील. फाइलींमधली आणि कमांडमधली नावं सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत, प्रत्यक्षात ती इंग्रजीतच लिहायची.

आधी साधन निवडा

पोस्टग्रेस कोणताही बदल आधी वॉल नावाच्या नोंदींत लिहितो. प्रायमरीच्या, म्हणजे मुख्य प्रतीच्या, या नोंदी रेप्लिका (बाकीच्या प्रती) सतत ओढून घेतात आणि आपल्याकडे लागू करतात. हे स्ट्रीमिंग रेप्लिकेशन २०१० च्या ९.० आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्येच आहे.

मग साधं डिप्लॉयमेंट (एकसारखे पॉड चालवायची कुबरनेटीसची सोय; पॉड म्हणजे चालणाऱ्या अ‍ॅपचं छोटं एकक) घेऊन प्रतींचा आकडा ३ केला तर? एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले तीन डेटाबेस मिळतील, नाहीतर तीन पॉड एकाच डिस्कसाठी भांडत बसतील. स्टेटफुलसेट त्यापेक्षा बरा. तो प्रत्येक पॉडला कायमचं नाव आणि स्वतःची डिस्क देतो. पण प्रायमरी कोण आणि ती पडली तर तिची जागा कोणी घ्यायची, हे त्यालाही ठाऊक नसतं. ते ठरवायला ऑपरेटर, म्हणजे डेटाबेसची देखभाल आपोआप करणारा प्रोग्रॅम, लागतो. मी क्लाउडनेटिव्हपीजी वापरतो. ईडीबी कंपनीने २०२२ मध्ये तो मुक्त स्रोत केला. स्टेटफुलसेट टाळून तो पॉड आणि डिस्क थेट स्वतःच सांभाळतो.

सरावाचं क्लस्टर आणि ऑपरेटर

लॅपटॉपवर काइंड (लॅपटॉपवरच कुबरनेटीस चालवणारं साधन) वापरून एक कंट्रोल प्लेन (सगळ्यांवर देखरेख करणारा नोड) आणि तीन वर्कर नोडचं (पॉड चालवणाऱ्या मशीनचं) क्लस्टर करा. एकाच नोडवर सराव केलात तर पुढची निम्मी गंमत दिसणारच नाही.

ऑपरेटरची यॅमल (सेटिंगची) फाइल क्यूबसीटीएल या कुबरनेटीसच्या कमांडच्या अप्लायने लावताना ‘सर्व्हर-साइड’ हा पर्याय विसरू नका. साध्या अप्लायला ही फाइल झेपत नाही आणि ‘अ‍ॅनोटेशन फार लांब’ अशी तक्रार येते.

डेटाबेसची फाइल

क्लस्टर या प्रकारची छोटी यॅमल लिहायची (इथून पुढे क्लस्टर म्हणजे तीन प्रतींचा हा डेटाबेस). नाव समजा ‘दुकान’, इन्स्टन्सेस ३, स्टोरेज १० जीआय (साधारण १० जीबी). एवढ्यावर डेटाबेस उभा राहतो, पण खऱ्या कामासाठी चार गोष्टी आत्ताच घाला.

मेमरी आणि सीपीयूची रिक्वेस्ट (राखीव वाटा) आणि लिमिट (कमाल मर्यादा) सारखीच ठेवा, म्हणजे नोडवर मेमरीची ओढाताण झाली तर डेटाबेसचा बळी आधी जात नाही. शेअर्ड बफर्सचं (पोस्टग्रेसच्या कॅशचं) मूळ मूल्य जेमतेम १२८ एमबी असतं, ते पॉडच्या मेमरीच्या साधारण पाव भागाइतकं करा.

पॉड अँटी-अफिनिटीचा (पॉड एकमेकांपासून दूर ठेवायच्या नियमाचा) प्रकार ‘प्रिफर्ड’वरून ‘रिक्वायर्ड’ करा. मुळात ऑपरेटर प्रती वेगवेगळ्या नोडवर टाकायचा फक्त प्रयत्न करतो, जागा नसेल तर तिन्ही एकाच नोडवर बसतात. मग तो एक नोड गेला की तिन्ही गेल्या. क्लाउडवर असाल तर नोडऐवजी झोननुसार (वेगवेगळ्या डेटा सेंटरनुसार) विभागणी करा. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये तीन झोन आहेत, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. तिथली ईबीएस डिस्क मात्र तिच्या झोनबाहेर जात नाही, त्यामुळे प्रत्येक झोनमध्ये नोडला जागा राखून ठेवा.

तिसरी गोष्ट सिंक्रोनस रेप्लिकेशन. ते चालू नसेल तर प्रायमरी ‘कमिट झालं’ असं सांगून मोकळी होते, रेप्लिकापर्यंत नोंद पोचलेली असो वा नसो. नेमक्या त्या क्षणी ती पडली तर शेवटचे काही व्यवहार गेले. मेथड ‘एनी’ आणि नंबर १ ठेवलं की किमान एका रेप्लिकाने होकार दिल्याशिवाय कमिट पूर्ण होत नाही. याची किंमत दर कमिटमागे थोडा उशीर, आणि दोन्ही रेप्लिका गेल्या तर लिखाण थांबणं. पैशांचे व्यवहार असतील तर ही किंमत बिनदिक्कत मोजावी.

चौथी गोष्ट स्टोरेज क्लासची, म्हणजे डिस्क कशी मिळेल ते ठरवणाऱ्या सेटिंगची. तिची रिक्लेम पॉलिसी (दावा गेल्यावर डिस्कचं काय करायचं तो नियम) ‘रिटेन’ हवी. क्लस्टर डिलीट केलं की त्याच्या डिस्कवरचे दावेही जातात, आणि पॉलिसी ‘डिलीट’ असेल तर डिस्कही जाते.

फाइल लावल्यावर दुकान-१, दुकान-२, दुकान-३ असे पॉड एकामागून एक उठतात. ‘गेट पॉड्स’ला ‘वाइड’ पर्याय देऊन तिन्ही वेगळ्या नोडवर आहेत ना, ते पाहून घ्या.

अ‍ॅप जोडा

तीन सर्व्हिस (अ‍ॅपने जोडायचे कायमचे पत्ते) आपोआप तयार होतात. नावाच्या शेवटी ‘आरडब्ल्यू’ असलेली कायम प्रायमरीकडे नेते, ‘आरओ’ फक्त रेप्लिकांकडे आणि ‘आर’ कुठल्याही प्रतीकडे. युजरनेम आणि पासवर्ड ‘दुकान-अ‍ॅप’ या सीक्रेटमध्ये (गुप्त माहिती ठेवायच्या जागेत) असतात. अ‍ॅपमध्ये पॉडचा पत्ता कधीही लिहू नका. रिपोर्ट ‘आरओ’वर न्यायला हरकत नाही, पण तिथला डेटा किंचित मागे असू शकतो.

आता प्रायमरी पाडा

या पायरीला घाई करू नका. एक टेबल करा आणि ‘आरडब्ल्यू’ सर्व्हिसमधून दर सेकंदाला वेळेसकट एक ओळ टाकणारी स्क्रिप्ट चालू ठेवा. दुसऱ्या खिडकीत पॉडची यादी वॉचवर लावा. मग प्रायमरीचा पॉड ग्रेस पीरियड १ (बंद व्हायला फक्त एक सेकंद) देऊन डिलीट करा.

स्क्रिप्टमध्ये कनेक्शन तुटल्याच्या ओळी येऊ लागतात. तिकडे ऑपरेटर सगळ्यात पुढे असलेली रेप्लिका निवडून तिला प्रायमरी करतो, ‘आरडब्ल्यू’ तिच्याकडे वळवतो, आणि जुना पॉड परत उठून तिच्यामागे रेप्लिका म्हणून उभा राहतो. स्क्रिप्ट पुन्हा सुरू झाली की टेबलातल्या वेळा बघा. मधली फट म्हणजे तुमचा खरा बंद काळ. स्क्रिप्टने ‘झालं’ म्हटलेली एकेक ओळ टेबलात आहे ना, हेही ताडून पाहा. आणि हाच प्रयोग तुमच्या खऱ्या अ‍ॅपवर करा. तुटलेलं कनेक्शन टाकून नवं घेण्याची सोय त्यात नसेल तर डेटाबेस सावरतो, अ‍ॅप मात्र तसंच अडकून पडतं.

नंतर प्रायमरीचा नोड ड्रेन (रिकामा) करून बघा. तिथे ऑपरेटर आधी भूमिका बदलतो, मग नोड रिकामा होऊ देतो.

बॅकअप आणि त्याची परीक्षा

तीन प्रती तुम्हाला मशीन बिघडण्यापासून वाचवतात, माणसाच्या चुकीपासून नाही. अट न घालता चालवलेला डिलीट क्षणात तिन्ही प्रतींवर पोचतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीमध्ये रेप्लिकेशनची दुरुस्ती चालू असताना एका इंजिनिअरने रेप्लिकाची समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली. नेहमीचे बॅकअप पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या बॅकअप साधनाच्या जुन्या आवृत्तीमुळे गुपचूप फसत होते. हाती लागला तो सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट. मधल्या काळातला डेटा गेला तो गेलाच. कंपनीने हे सगळं जाहीरपणे सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

म्हणून बारमन क्लाउड या बॅकअप साधनाचा प्लगइन लावा. तो सर्ट-मॅनेजर (प्रमाणपत्रं सांभाळणारं साधन) मागतो. ऑब्जेक्ट स्टोअरचा (फाइली ठेवायच्या क्लाउड साठ्याचा) पत्ता द्या, म्हणजे वॉलच्या फाइली सतत तिकडे जात राहतील. रोजच्या पूर्ण बॅकअपसाठी शेड्यूल्ड बॅकअप लिहा. इथे क्रॉनला (वेळापत्रकाच्या ओळीला) सहा रकाने असतात, पहिला सेकंदांचा. ऑपरेटरचं घड्याळ सहसा यूटीसी दाखवतं, त्यामुळे आपल्याकडच्या रात्री २ साठी २० वाजून ३० मिनिटं लिहावी लागतात.

मग परीक्षा घ्या. वेळ टिपून ठेवा, सरावाचं टेबल ड्रॉप करा. ‘दुकान-परत’ नावाचं नवं क्लस्टर लिहा, बूटस्ट्रॅपमध्ये (सुरुवात कशी करायची त्या भागात) रिकव्हरी निवडा आणि टार्गेट टाइम त्या ड्रॉपच्या एक मिनिट आधीचा द्या. रिस्टोअर चालू डेटाबेसवर होत नाही, कायम नव्या क्लस्टरमध्येच होतो. त्या नव्या क्लस्टरच्या बॅकअपला वेगळं सर्व्हर नेम द्या, कारण आधीच्या वॉल फाइली असलेल्या जागी तो लिहायला नकार देतो. टेबल परत आलं, ओळींची संख्या जुळली, की किती वेळ लागला ते टीमच्या नोंदींत लिहून ठेवा. डेटा वाढेल तसा तो आकडाही वाढतो, तेव्हा दर तिमाहीला ही परीक्षा पुन्हा घ्या.