जर्मनीतली उन्हाळी सुट्टी: रमतगमत फिरा, पोटभर खा, पण या चुका टाळा

जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांचा पहिला घोळ तारखांचा असतो. आपल्या डोक्यात उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे एप्रिल-मे. तिथे एप्रिलमध्ये उन्हाळी सत्र सुरू होतं, तासिका जुलैपर्यंत चालतात आणि बऱ्याच विद्यापीठांत परीक्षा त्यानंतर. खरी मोकळीक मिळते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे श्पारगेलचा हंगाम संपलेला असतो (तो 24 जूनला उरकतो), पण चेरी नुकत्याच येऊन गेलेल्या असतात आणि मिराबेल (छोटी पिवळी आलुबुखारं) व निळसर आलुबुखारांनी बाजार भरलेला असतो. म्हणजे वाईट काही नाही.

दुसरा घोळ हावरेपणाचा. दहा दिवसांत सात राजधान्या! गावाकडच्या ग्रुपवर फोटो छान दिसतात, पण निम्मी सुट्टी बसस्टँडवर जाते आणि जेवण म्हणून रोज तेच गार सँडविच. मला विचाराल तर श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्याने पहिल्या सुट्टीत उल्म, बोडनझे सरोवर, ट्युबिंगन आणि जमलं तर बव्हेरियाचा दक्षिण भाग एवढंच करावं. दिवसाला एक गाव. पुढचं सगळं हा बेत धरूनच सांगतो.

तिकीट आहे म्हणून कुठल्याही गाडीत चढणे

डॉइचलांड-टिकीट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, मे 2023 मध्ये महिना 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि 2026 पासून 63. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते याहून स्वस्तात, सत्राच्या फीबरोबरच मिळतं. आरई, आरबी, एस-बान या स्थानिक गाड्या, शहरातल्या बस आणि ट्राम यांत ते चालतं. आयसीई आणि आयसी या जलद गाड्यांत चालत नाही. आपली गाडी उशिरा आहे म्हणून शेजारच्या फलाटावरच्या आयसीईत चढू नका. इतर काही तिकिटांवर उशीर झाला की अशी मुभा मिळते, या तिकिटावर मिळत नाही. तपासनीस आला की किमान 60 युरो दंड.

तिकीट फोनमध्ये असतं आणि फोन संध्याकाळी पाचलाच मान टाकतो. पॉवर बँक ठेवाच, आणि ओळखपत्रही, कारण तिकीट नावावर असतं. पकडले गेलात आणि तिकीट खरंच तुमच्याकडे होतं, तर वाद घालत बसू नका. पावती घ्या आणि मुदतीत तिकीट दाखवा. साधारणपणे सात युरोंवर भागतं. स्वतः काढलेलं तिकीट बंद करायचं असेल, तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं. नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे खात्यातून गेलेच म्हणून समजा.

डबा न बघता बसणे

ही चूक हमखास होते. म्युनिकहून आल्प्सच्या पायथ्याकडे जाणारी गाडी बाहेरून एक दिसते, पण वाटेत तिचे तुकडे होतात. एक भाग तेगर्नझे सरोवराकडे, दुसरा लेंगग्रीसला, तिसरा बायरिशझेलला. खिडकीची जागा मिळाल्याच्या आनंदात मुलं बसतात, हेडफोन लावतात आणि तासाभराने भलत्याच गावी उतरतात. चढताना दारावरची पाटी वाचा. डब्यातल्या पडद्यावर शेवटचं स्टेशन कुठलं लिहिलंय तेही बघा. चूक वेळेत लक्षात आली, तर गाडी थांबल्यावर खाली उतरून फलाटावरून पुढच्या भागात जा, कारण आतून जायला वाट नसते. गाडी तुटून गेली असेल तर पुढच्या स्टेशनवर उतरून परत या. तिकीट तेच चालतं, जातो तो फक्त वेळ. आणि तो तर आपल्याकडे आहेच.

उन्हाळ्यात रुळांची कामं निघतात आणि रेल्वेऐवजी बस धावते. ॲपमध्ये सकाळी पुन्हा एकदा बघून निघा.

रविवार विसरणे

रविवारी दुकानं बंद. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे विसरतात. शनिवारी संध्याकाळी ब्रेड, काकडी, टोमॅटो, चीज आणि क्वार्कचा डबा घेऊन ठेवला की रविवार निघतो. क्वार्क म्हणजे चक्क्याच्या जवळचा प्रकार, त्यात साखर-वेलची घातली की काम झालं. विसरलातच, तर मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात आणि बऱ्याच बेकऱ्या रविवारी सकाळी काही तास चालू असतात.

याहून फसवा प्रकार राज्याच्या सीमेवरचा. श्टुटगार्टच्या राज्यात सुपरमार्केट रात्री उशिरापर्यंत चालू ठेवता येतं, त्यामुळे नऊ वाजता दूध आणायची सवय लागते. बव्हेरियात शिरलात की बहुतेक दुकानं आठला बंद. शिवाय 15 ऑगस्टला तिथल्या बहुतेक गावांत मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते, जी श्टुटगार्टमध्ये नसते. आणि 8 ऑगस्टची शांतिदिनाची सुट्टी तर फक्त ऑग्सबुर्ग या एका शहरापुरती. त्या दिवशी तिथे पोहोचलात तर शहर सजलेलं दिसेल, दही मात्र मिळणार नाही.

‘बटाट्याचीच तर भाजी आहे’ म्हणणे

शाकाहारी मुलांनी हा भाग नीट वाचावा. दक्षिण जर्मनीतली बटाट्याची कोशिंबीर मेयोनीजमध्ये नाही, गरम मांसाच्या स्टॉकमध्ये मुरवतात. दिसते अगदी निरागस: पातळ चकत्या, कांदा, व्हिनेगर, वर हिरवी पात. विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘इस्ट दा फ्लाइशब्र्यूअ द्रिन?’ (यात मांसाचा स्टॉक आहे का?) एवढा प्रश्न पुरतो. लिन्झेन मिट श्पेट्झले हा इकडचा मसुराचा लाडका पदार्थ आपल्याला उसळीसारखा जवळचा वाटतो, पण सोबत सॉसेजची जोडी येते. सॉसेज नको म्हटलं तरी मसुरात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. मौल्टाशेन म्हणजे सारण भरलेले चौकोन, सारण सहसा मांसाचं. फ्लामकूखनवर (पिझ्झासारखी पातळ रोटी) आणि सप्टेंबरात नव्या वाइनबरोबर मिळणाऱ्या कांद्याच्या केकमध्येही तेच तुकडे.

मग खायचं काय? केझेश्पेट्झले: चीजमध्ये लडबडलेले अंड्याच्या पिठाचे तुकडे, वर कुरकुरीत तळलेला कांदा. अंडं चालत असेल तर याच्यासारखं पोटभरीचं दुसरं काही नाही. मधोमध चिरून आत लोण्याचा जाड थर भरलेलं ब्रेत्सेल (गाठीच्या आकाराचा खारा पाव), सकाळी ताजं असताना. दुपारनंतर ते चिवट होतं, तेव्हा घेऊ नका. आणि ऑगस्टात आलुबुखारांचा केक, शक्यतो गावातल्या बेकरीतला, वर थोडी दालचिनी.

पाणी मागितलं की बुडबुड्यांचं येतं. साधं हवं तर ‘श्टिलेस व्हासर’ म्हणा, त्याचेही पैसे पडतात. नळाचं पाणी उत्तम असतं, बाटली घरूनच भरून घ्या.

डबा लपवून खाणे

उल्मच्या चर्चचा मनोरा 161.5 मीटर उंच आहे. 2025 च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने मागे टाकेपर्यंत तो चर्चच्या मनोऱ्यांत जगात सर्वांत उंच होता. 768 पायऱ्या चढून उतरलं की भूक लागते. डॅन्यूबचा पूल ओलांडला की नॉय-उल्म, म्हणजे बव्हेरिया.

बव्हेरियाच्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये स्वतःचं खाणं नेता येतं. राजरोस. 1812 मध्ये राजाने बिअर बनवणाऱ्यांना तळघरांजवळ बिअर विकू दिली, जेवण मात्र नाही, कारण खानावळवाले तक्रार करत होते. तेव्हापासून लोक शिदोरी घेऊन येतात. तेव्हा दशमी-चटणीचा डबा पिशवीच्या आड धरून खाऊ नका, टेबलावर मांडा. दोन गोष्टी पाळा: टेबलक्लॉथ असलेल्या टेबलावर बसू नका, तो वेटरचा भाग असतो, आणि पेय तिथलंच घ्या. बिअर नको असेल तर आप्फेलशोर्ले, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. ग्लासवर अनामत घेतात, तो परत द्यायला विसरू नका.

सरोवरावर फोन तसाच चालू ठेवणे

बोडनझेच्या पलीकडे स्वित्झर्लंड. लिंडाऊच्या बंदरात बसल्याबसल्या फोन कधीकधी पलीकडचं नेटवर्क पकडतो, आणि युरोपियन युनियनमधली मोफत रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही. नेटवर्क हाताने निवडा किंवा रोमिंग बंद ठेवा. सरोवरावरच्या जहाजाचं तिकीटही वेगळं काढावं लागतं. कॉन्स्टान्सहून चालत सीमेपलीकडच्या स्विस क्रॉइत्सलिंगनला जायचं असेल, तर पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड दोन्ही खिशात हवीत.

आइसक्रीम मागताना

श्पागेटी-आइस एकदा तरी खा. 1969 मध्ये मानहाइमच्या दारिओ फोंतानेल्लाने व्हॅनिला आइसक्रीम श्पेट्झलेच्या साच्यातून दाबून काढलं, अगदी सोऱ्यातून कुरडई पाडावी तसं, आणि वर स्ट्रॉबेरीचा रस ओतला. खाली फेटलेल्या सायीचा ढीग असतो. चूक एकच: प्रत्येकी एक मागवणे. दोघांत एक पुरतो. गावातली जुनी आइसक्रीमची दुकानं कार्ड घेतीलच असं नाही. वीसेक युरो रोख ठेवा, सुट्ट्यांसह. खेड्यांत रस्त्याकडेला फळांची मांडणी आणि पैशांची पेटी असते, माणूस नसतो. तिथे पन्नासची नोट काढून उपयोग नाही.

आणि रिकाम्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे आणि कॅनचे 25 सेंट परत मिळतात. चेपलेली बाटली यंत्र नाकारतं, म्हणून पिशवीत दाबून भरू नका. यंत्रातून निघणारी चिठ्ठी त्याच दुकानाच्या गल्ल्यावर चालते, तेव्हा गाव सोडण्याआधीच वटवून टाका.