छातीत धडधडलं की तीस टाके

निफाडचा पारा घसरला की नाशिककरांना लोकर आठवतेच. पण मनाची धडधड शांत करायला तिला हिवाळा लागत नाही. मेनरोडला गेलात तर जरा जाड, फिक्या रंगाची लोकर आणि ८ नंबरच्या (४ मिमी) सुया घ्या. काळी नको, ट्यूबलाइटखाली टाके दिसत नाहीत आणि उलट चिडचिड वाढते. ३० टाके घाला आणि दोन्ही बाजूंनी नुसतं सुलट विणत राहा. नक्षी नाही, मोजामोज नाही. सुई आत, लोकर वळवली, टाका ओढला, सोडला. हाताला लय सापडली की श्वासही संथ होतो.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३,५४५ विणणाऱ्यांच्या पाहणीत, वरचेवर विणणाऱ्यांनी जास्त शांत वाटतं असं सांगितलं होतं.

ताण असला की टाकेही आवळले जातात, सुई शिरतच नाही. तेव्हा खांदे सैल सोडा, पुढची ओळ ढिली विणा. टाका निसटला तर क्रोशाच्या सुईने उचला. सगळं उसवत बसू नका, मफलर आपल्यालाच घालायचाय. वीसेक मिनिटांनी, मनगट कुरकुरायच्या आत उठा.

झोपच उडाली असेल तर मात्र डॉक्टरांना गाठा. सुया सोबत न्या, नंबर यायला वेळ लागतोच.