बेसबॉलवर पैसे लावायचे तर: आकडेमोड आणि युनिटचं गणित

आधी एक सांगून टाकतो, मी हे न्यू जर्सीत बसून लिहितोय. 2018 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने स्पोर्ट्स बेटिंग अडवणारा जुना फेडरल कायदा उडवला आणि तेव्हापासून वय 21 पूर्ण असेल तर स्पोर्ट्स बेटिंग कायदेशीर आहे. भारतात असाल तर नुसतं गणित म्हणून वाचा, तिकडे ऑनलाइन पैसे लावून खेळणं 2025 च्या कायद्याने बंद झालंय.

आपल्या क्रिकेटवाल्या डोक्याला पहिले पचत नाही ते हे, की बेसबॉलमध्ये कोणीच रोज जिंकत नाही. सीझन 162 मॅचचा. 2001 ला सिॲटल मरिनर्सने 116 जिंकल्या तरी 46 हरल्याच, आणि 2024 ला शिकागो व्हाइट सॉक्स 121 हरले, पार लाज गेली, पण 41 जिंकलेच की, म्हणजे चारात एक. त्यामुळे कोण जिंकणार हा प्रश्नच सोडा, प्रश्न असतो भाव बरोबर लागलाय का.

भाव वाचायचा असा. मायनस 120 म्हणजे 100 जिंकायला 120 लावायचे, 120 भागिले 220, आले 54.5 टक्के. दुसऱ्या एखाद्या मॅचला प्लस 130 असेल, म्हणजे 100 लावून 130 जिंकायचे, तर 100 भागिले 230, साधारण 43.5. एकाच मॅचच्या दोन्ही बाजूंची बेरीज 100 च्या वर जाते, तो वरचा भाग बुकीचा.

आता आपला आकडा काढायचा. मी बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहिणाऱ्या बिल जेम्सच्या पायथागोरस फॉर्म्युल्यापासून सुरू करतो, त्यातून टीमचा जिंकण्याचा टक्का निघतो: केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज. समजा जुलैअखेर एका टीमने 500 केल्या, 450 दिल्या, तर 55 टक्के. समोरच्यांनी 430 केल्या आणि 450 दिल्या, तर 48. आता दोघांना भिडवायचं: 0.55 गुणिले 0.52 (समोरच्यांचा हरण्याचा भाग) म्हणजे 0.286, आणि उलट बाजूने 0.48 गुणिले 0.45 (पहिल्या टीमचा हरण्याचा भाग) म्हणजे 0.216, 0.286 ला दोघांच्या बेरजेने भागलं की 57 टक्के. पहिली टीम घरच्या मैदानावर असेल तर तीन-चार टक्के वाढवा, झाले 61.

पण खरी गंमत स्टार्टिंग पिचरमध्ये (मॅचची सुरुवात करणारा बॉलर) आहे, कारण तो रोज बदलतो. त्याचा ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे त्याने दिलेल्या रन्सची सरासरी) बघून भुलू नका, त्यात मागच्या फिल्डरांची पुण्याई किंवा पाप मिसळलेलं असतं, एफआयपी (फिल्डर बाजूला ठेवून काढलेला आकडा) बघा, तो स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट), वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट बेस) आणि होमरन (आपल्या सिक्ससारखा फटका) यावरच जास्त चालतो. समोरून त्यांचा एक नंबरचा पिचर येतोय म्हणून मी 3 टक्के कापले, राहिले 58 (हे कापणं अंदाजपंचेच असतं, कबूल). बाकी कालपरवा बुलपेन (नंतर येणारे बदली पिचर) किती दमलंय ते बघा, आणि मॅच डेन्व्हरला असेल तर एकूण रन्सवर लावताना दहादा विचार करा, ते मैदान जवळजवळ एक मैल उंचावर आहे आणि पातळ हवेत बॉल लांब जातो.

आमचे 58, आणि भाव समजा वरचाच मायनस 120, म्हणजे 54.5 चा. फरक साडेतीन टक्के, लावण्यासारखा. पण किती लावायचे? इथेच लोक माती खातात, मीही खाल्लीय. पहिल्या उन्हाळ्यात माझी आयडिया होती की हरलं की पुढची डबल, कधीतरी जिंकूच ना! 10, 20, 40, 80, 160, 320, सहा सलग हरलो आणि 1000 डॉलरमधले 630 गेले, सातवीला 640 पाहिजे होते आणि हातात 370. नंतर हिशोब केला, 55 टक्के जिंकणाऱ्या माणसालासुद्धा 300 बेट्समध्ये एकदा सहा सलग हार येण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त असते. म्हणजे नशीब वगैरे काही नव्हतं.

म्हणून युनिट. जे पैसे पूर्ण गेले तरी घरभाडं अडत नाही तेवढेच बाजूला काढा आणि त्याचा 1 टक्का म्हणजे एक युनिट, 1000 ला 10 डॉलर. जास्त शास्त्रोक्त पाहिजे तर केलीचा फॉर्म्युला आहे, जॉन केलीने 1956 ला बेल लॅब्जमध्ये असताना मांडलेला. मायनस 120 ला 100 मागे 83 मिळतात, म्हणजे 0.833. 0.833 गुणिले 0.58, वजा 0.42 (हरण्याची शक्यता), आणि आलेल्याला परत 0.833 ने भागा, उत्तर 7.6 टक्के. एवढे लावू नका बाबा! हा आकडा तुमचे 58 अगदी अचूक आहेत असं धरून आलाय, आणि ते 54 असतील तर फायदा शून्याच्याही खाली. मी त्याचा चौथा भाग घेतो, 1.9 टक्के, म्हणजे दोन युनिट, आणि कितीही भारी वाटलं तरी तीनच्या वर जात नाही. युनिटची रक्कम महिन्यातून एकदाच बदलतो, हरलेल्या रात्री तर अजिबात नाही.

स्प्रेडशीटमध्ये तारीख, आपला टक्का, घेतलेला भाव, युनिट आणि मॅच सुरू होतानाचा शेवटचा भाव एवढे कॉलम पुरे. यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. आपण मायनस 120 ला घेतलं आणि बंद होताना मायनस 135 झालं, म्हणजे बाजार नंतर आपल्याच बाजूला आला, असं वारंवार होत असेल तर हरत असलात तरी सिस्टिम ठीक आहे. उलटं होत असेल तर जिंकत असलात तरी युनिट अर्धं करा. आणि पिचर ऐनवेळी बदलला तर बेट रद्द होते की चालू राहते, हे त्या ॲपच्या नियमात आधीच वाचून ठेवा, नाहीतर सगळं गणित एका पिचरवर आणि पैसे भलत्याच पिचरवर.