प्रोग्राम बंद होताना आवराआवर कशी करावी

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एका भुईकाट्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला होता. केळीची गाडी काट्यावर आली की वजन वाचायचं, पावती छापायची, दिवसाच्या फाइलमध्ये नोंद टाकायची. दर दहा पावत्या झाल्या की फाइलमध्ये लिहायचं आणि उरलेल्या शेवटी, असा माझा हिशेब. हे शेवटचं काम मी ऑब्जेक्टच्या (प्रोग्राममधल्या नोंदी सांभाळणाऱ्या घटकाच्या) डेल (__del__) मेथडवर सोडलं. ऑब्जेक्ट नष्ट होताना पायथन ती आपोआप चालवतो, मग वेगळं काही लिहा कशाला! तिसऱ्याच संध्याकाळी काटेवाल्याचा फोन आला: "भो, पावतीबुकात सत्तावीस गाड्या अन् तुमच्या कॉम्प्युटरात वीसच. सात गाड्या काय तापीत गेल्या का?"

प्रोग्रामच्या काळ्या खिडकीत शेवटची ओळ होती, 'नेम ओपन इज नॉट डिफाइन्ड'. म्हणजे फाइल उघडणारं साधं ओपन फंक्शनच नाही म्हणे! खरंच नव्हतं. प्रोग्राम संपताना पायथन स्वतःचाही पसारा मोडीत काढत असतो. माझ्या ऑब्जेक्टची पाळी येईपर्यंत ओपन गेलेलं होतं. त्यात डेलमध्ये आलेली चूक पायथन फक्त छापतो आणि पुढे जातो, प्रोग्राम 'यशस्वीपणे' संपतो. संपताना जिवंत असलेल्या प्रत्येक ऑब्जेक्टची डेल चालेलच, याचीही हमी पायथन देत नाही. जावा या भाषेतल्या फायनलाइझ या तशाच मेथडची गतही अशीच झाली, 2017 साली आलेल्या जावा 9 मध्ये ती मेथड वापरू नये असं जाहीर झालं.

म्हणून सुरुवात यादीपासून करा. तुमचा प्रोग्राम काय काय धरून बसतो? फाइल, डेटाबेस, काट्याचा सिरियल पोर्ट (काटा कॉम्प्युटरला जोडायची जागा), थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम), तात्पुरत्या फाइली. यातल्या प्रत्येकाच्या क्लासला (ऑब्जेक्टच्या साच्याला) स्वतःची क्लोज मेथड द्या. ती दोनदा बोलावली तरी बिघडू नये, कारण घाईत ती दोनदा बोलावली जातेच. मग त्याला एंटर आणि एक्झिट (__enter__, __exit__) मेथडही द्या, एक्झिटमधून क्लोज बोलवा आणि तो क्लास विथमध्ये वापरा. विथ हा कामाभोवती घालायचा ब्लॉक पायथन 2.5 पासून आहे. त्याच्या आतल्या कामात मध्येच एरर आली तरी बाहेर पडताना आवरण्याचा कोड चालतो, आणि तो चालतो तेव्हा पायथन अजून शाबूत असतो. फरक एवढाच, पण त्या सात गाड्या त्यातच वाचल्या असत्या.

आता क्रम. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. केळीच्या बागेत ठिबक बंद करताना आधी मोटर बंद करायची, मग व्हॉल्व्ह. उलट केलं की कुठला तरी जॉइंट सुटलाच. प्रोग्रामचंही तसंच आहे, जिथून माल येतो ते आधी थांबवा. काट्यावरून वजन वाचणारा थ्रेड सगळ्यात आधी, मग रांगेत उरलेल्या नोंदी डेटाबेसमध्ये, मग डेटाबेस, आणि लॉगची (प्रोग्राममध्ये काय घडलं ते लिहून ठेवणारी) फाइल सर्वात शेवटी. लॉग आधी मिटवला तर पुढे काय बिघडलं ते लिहायचं कुठे? हा क्रम डोक्यात ठेवण्यापेक्षा पायथनच्या कॉन्टेक्स्टलिब मॉड्यूलमधला एक्झिटस्टॅक वापरा. त्यात ज्या क्रमाने गोष्टी उघडाल, त्याच्या उलट क्रमाने तो बंद करतो. लॉग, डेटाबेस, थ्रेड या क्रमाने उघडा, बाकीचं तो बघतो.

थ्रेडला थांब सांगायला इव्हेंट (थांबण्याची खूण) ठेवा आणि जॉइनने तो संपायची वाट पाहा. पण पोर्टवरचं वाचन टाइमआउटशिवाय, म्हणजे किती वेळ थांबायचं ते न ठरवता असेल, तर काट्यावर गाडी येईपर्यंत थ्रेड तिथेच अडकून राहतो आणि प्रोग्राम बंदच होत नाही. एक सेकंदाचा टाइमआउट दिला की प्रश्न मिटतो. थ्रेडला डेमन (प्रोग्राम संपताना ज्याची वाट पाहिली जात नाही असा) करून सुटका होते असं अनेकांना वाटतं. डेमन थ्रेड शेवटी असेल तिथे तोडला जातो, मग नोंद अर्धी लिहून झालेली का असेना.

एटएक्झिट, म्हणजे संपताना चालवायची फंक्शन्स नोंदवून ठेवायची पायथनची सोय, हा राखीव उपाय म्हणून ठेवा. त्यात नोंदवलेली फंक्शन्स उलट क्रमाने चालतात, पण प्रोग्राम नीट संपला तरच. विंडोजमध्ये काळी खिडकी फुलीवर क्लिक करून मिटवली, तर ती चालत नाहीत. लिनक्सवर सर्व्हिस बंद करताना सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) आधी सिगटर्म, म्हणजे थांबायला सांगणारा 15 नंबरचा सिग्नल पाठवतो. तो पायथनमध्ये हाताळला नसेल तर एटएक्झिट सोडाच, विथचा शेवटही चालत नाही. त्यासाठी सिग्नलचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लावा आणि त्यात फक्त सिस-एक्झिट करा. त्याने मुख्य थ्रेडमध्ये एक्सेप्शन उठतं आणि विथ आपापल्या क्रमाने मिटत जातात. हँडलरमध्येच डेटाबेस बंद करत बसू नका. मुख्य थ्रेड त्या क्षणी त्याच डेटाबेसमध्ये लिहीत असू शकतो. आणि रेंगाळूही नका. सिस्टमडी मूळ सेटिंगमध्ये 90 सेकंद थांबतो, प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारा डॉकर 10. नंतर येतो 9 नंबरचा सिगकिल, आणि तो कुणालाच अडवता येत नाही.

राहिली वीज. मे महिन्यात आमच्याकडे ती कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि काट्यावरच्या यूपीएसची बॅटरी बहुधा म्हातारी असते. तेव्हा कुठलाच हँडलर चालत नाही. यावर उपाय एकच, शेवटासाठी काही शिल्लक ठेवायचं नाही. दहा पावत्या साठवण्याचा माझा शहाणपणा मी काढून टाकला. आता प्रत्येक पावतीला एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये कमिट होतो, म्हणजे नोंद कायमची लिहिली जाते, आणि तो झाल्यावरच पावती छापली जाते. साधी फाइल वापरत असाल तर पूर्ण मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, फ्लश आणि एफसिंक करून तो खरोखर डिस्कवर पोचवा, मगच रिप्लेसने मूळ नावावर आणा. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते.

शेवटी हे सगळं मुद्दाम मोडून बघा. एकदा कंट्रोल-सी, एकदा साधा किल (सिगटर्म), एकदा नऊ नंबरचा. दर वेळी नोंदी मोजा आणि पावतीबुकाशी ताडून पाहा. मी ही तपासणी काट्यावरच केली. गाडी काट्यावर उभी असताना काटेवाल्यालाच यूपीएसची वायर ओढायला सांगितली. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वायर ओढली. कॉम्प्युटर परत चालू झाल्यावर पावतीबुक उघडून त्याने एकेक नोंद बोटाने मोजली. अठरा इकडे, अठरा तिकडे.