कुत्र्याच्या सांध्यांसाठी सप्लिमेंटची डबी घेताना मी काय बघते

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात माझं औषधांचं दुकान आहे. माणसांच्या औषधांची लेबलं रोज डोळ्यांखालून जातात. तरी आमच्या शेरूला मी एकदा लेबलच नसलेली पावडर खाऊ घातली, आणि ते मनाला आजही लागतं.

शेरू लॅब्राडोर, अकरा वर्षांचा, वजन ३४ किलो. थंडीत उठताना तो मागचं अंग ओढायला लागला, तेव्हा ओळखीच्या एकाने तपकिरी पावडरचा डबा दिला. "जडीबुटी आहे जी, बिनधास्त द्या." तिसऱ्या दिवशी शेरू जिना धावत चढला. दोन आठवड्यांत मात्र पाण्याचं भांडं दिवसातून चारदा भरावं लागायचं, रात्री दोनदा लघवीला न्यावं लागायचं, आणि कितीही खाल्लं तरी भूक भागायची नाही. लक्षणं ऐकताच डॉक्टरांना पावडरीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय आला. त्यांनी पावडर बंद केली आणि मोजून दिलेलं स्टेरॉइड हळूहळू कमी करत आणलं, कारण ते एकदम तोडलं तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, वेळेवर तयार होत नाही. दुखण्याची गोळीही तोवर देता येईना. दोन्ही एकत्र गेली की पोटात अल्सर होऊ शकतो.

म्हणून तीन दिवसांत गुण देणाऱ्या पावडरीला आधी घाबरा. खऱ्या सप्लिमेंटचा फरक दिसायला चार ते आठ आठवडे लागतात.

डबी घेण्याआधी निदान करून घ्या. लंगडणं गोचीडतापानेही येतं, लिगामेंट तुटल्यानेही. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या किंवा नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

मग डबी उलटी करा. एका गोळीत कोणता घटक किती मिलिग्रॅम, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. 'विशेष मिश्रण १२०० मिग्रॅ' एवढंच असेल तर त्यात महागाचा घटक चिमूटभरही असू शकतो. फिश ऑइलमध्ये तर हमखास फसगत होते. समोर '१००० मिग्रॅ' असतं ते तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए साधारण १८० आणि डीएचए १२० (हीच तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं), म्हणजे कामाचे ३०० मिलिग्रॅमच. डोस याच आकड्यावरून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कॉड लिव्हर ऑइल त्याच्या जागी देऊ नका. त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात, ती जास्त झाली की बाधतात.

माझं मत विचाराल तर पहिला पैसा ओमेगा-३ वर घालवा. सांध्यांच्या कूर्चेसाठी म्हणून विकलं जाणारं ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन सगळीकडे मिळतं, पण कुत्र्यांवरच्या अभ्यासांत त्याचा आधार कमकुवत निघाला आहे.

बॅच नंबर, मुदत, उत्पादकाचा पूर्ण पत्ता बघाच. अन्नसुरक्षा कायद्याच्या 'अन्न' या व्याख्येत पशुखाद्य येत नाही, त्यामुळे डबीवरचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नंबर कुत्र्याच्या सप्लिमेंटची हमी देत नाही. 'संधिवात पूर्ण बरा' असं छापलं असेल तर डबी परत ठेवा. दुकानातल्या माणसांच्या चघळायच्या गोळ्याही नकोत, कारण त्यांत असू शकणारा झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ कुत्र्याला विषारी आहे.

किमतीचा हिशेब दिवसावर करा. तीस गोळ्यांची डबी स्वस्त दिसते, पण शेरूच्या वजनाला रोज दोन लागतात, म्हणजे पंधरा दिवसांत खलास.

सुरू करताना एका वेळी एकच नवी गोष्ट द्या. मी त्याच दिवशी शेरूचा जिना चढतानाचा व्हिडिओ काढला, मग दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळेला. आठ आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा व्हिडिओ शेजारी लावून बघितले. मनाला वाटणाऱ्या फरकावर माझा आता भरवसा नाही. याच काळात त्याचं वजनही चार किलोने उतरवलं. त्याची मदत कुठल्याही डबीपेक्षा जास्त झाली असं मी मानते.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, फिश ऑइल ओट्यावर ठेवू नका. मी फ्रिजच्या दारात ठेवते, आणि दर आठवड्याला एक कॅप्सूल फोडून वास घेते. खवट आला की उरलेली सगळी बाटली फेकते.