प्रोग्रामिंगचा पेपर काढताय? या चुका टाळा

ऑब्जेक्टिव्ह पेपरात भरभरून मार्क, आणि प्रॅक्टिकलला साधा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहिताना घाम. जळगाव-धुळ्याकडे कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. पोरांवर डाफरण्याआधी आपण काढलेला पेपर एकदा नीट बघावा.

पर्याय उगाच भरू नका. चार पर्याय असले की डोळे मिटून टिक करणाऱ्यालाही सरासरी २५ टक्के मिळतात. म्हणून चुकीचा पर्याय खऱ्या गैरसमजातून यायला हवा. सी भाषेत दोन्ही इंटिजर (पूर्णांक) असताना ५/२ किती? उत्तर २, कारण अपूर्णांक गळतो. २.५ लिहिणाऱ्याला इंटिजर भागाकार कळला नाही. ३ लिहिणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटर राउंड करतो. ‘यापैकी नाही’ने काहीच कळत नाही.

‘आउटपुट काय येईल?’ सगळ्यात जास्त घोळ इथे. ‘आय++ + ++आय’ हा लाडका प्रश्न तर कायमचा बंद करा. ++ म्हणजे किंमत एकने वाढवणं; एकाच व्हेरिएबलला असं एकाच ओळीत दोनदा बदललं तर काय व्हावं, हे सी च्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. एका कंपायलरवर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) एक उत्तर, दुसऱ्यावर दुसरं; मग मार्क कुणाचे कापायचे? इंट, म्हणजे इंटिजर व्हेरिएबल, याचा आकार विचारतानाही कंपायलर सांगा. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये २ बाइट, आजच्या जीसीसी कंपायलरवर सहसा ४.

चूक शोधायला देताना सेमीकोलन गाळू नका. लॅबमध्ये ते कंपायलरच दाखवतो, परीक्षा त्याचीच होते. त्यापेक्षा रावेरहून निघालेल्या ७ ट्रकांतल्या केळीची वजनं ७ घरांच्या ॲरेत ठेवा आणि बेरजेच्या लूपमध्ये शून्यापासून ‘आय <= ७’ लिहा. घरं ० ते ६ अशी सातच, पण लूप नसलेल्या आठव्या घरातही जातो. तरी प्रोग्राम कंपाइल होतो, आणि ॲरेच्या पुढच्या जागेत शून्य पडलेलं असेल तर बेरीजही बरोबर दिसते! ‘उत्तर बरोबर येऊनही प्रोग्राम चुकीचा का?’ हे विचारलं की वाचणारा आणि पाठ करणारा लगेच वेगळे पडतात.

प्रोग्रामच्या विस्कटलेल्या ओळी क्रमाने लावायला द्या. न्यूझीलंडच्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेला हा प्रकार आपल्याकडे फारसा दिसत नाही. वापरून बघा, तपासायलाही सोपा. फक्त आन्सर-कीमध्ये एकच क्रम धरू नका. बेरीज शून्य आणि मोजणी शून्य या दोन ओळी वरखाली झाल्या तरी प्रोग्राम तसाच चालतो.

पूर्ण प्रोग्राम मात्र लिहून घ्यावाच लागतो, त्याला पर्याय नाही. ऑटोमॅटिक तपासणीत एक खोच असते: आपणच लॅबमध्ये ‘संख्या टाका’ असा मेसेज छापायला शिकवतो, आणि त्या मेसेजमुळे आउटपुट जुळत नाही, शून्य मार्क पडतात. काय छापायचं, काय नाही, हे प्रश्नातच नमुन्यासह द्या. टेस्ट केसनिहाय (प्रोग्राम तपासायला दिलेल्या प्रत्येक इनपुटनिहाय) मार्क वाटा, आणि ट्रकच नसताना काय होतं, ही केस विसरू नका; सरासरी काढणारे बरेच प्रोग्राम शून्याने भागायला जातात ते तिथेच.